पोरं, शेरडं आणि एकच सावली

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

आम्ही माणदेशातल्या एका वस्तीवरच्या बचत गटाच्या बायका. माईकसमोर एकच जण बसली आहे, पण बोलणं बारा जणींचं आहे. मंगळवारी हप्ते गोळा करून झाले, वही मिटली, की मग ज्या गप्पा रंगतात त्यातूनच हे सगळं जमलंय.

विषय आहे उन्हाळ्याची सुट्टी. निकाल लागला की पोरं मोकळी, ती थेट जूनच्या मध्यापर्यंत. सुट्टी पोरांना असते, आपल्याला नसते. कुरडया, सांडगे, वर्षाचं तिखट, लग्नसराई, पाण्याच्या खेपा, सगळं याच दिवसांत. आणि दारात जनावरं. शहरात पाळीव प्राणी म्हटलं की एक कुत्रा नाहीतर एक मांजर. आपल्याकडं यादी लांब असते. दोन शेरडं, त्यांची करडं, एक गाय, चार कोंबड्या, राखणीचा मोत्या, आणि कुणाचीच नसून सगळ्यांच्या दुधावर वाढलेली एक मांजर. पोरं आणि ही सगळी मंडळी दिवसभर एकाच अंगणात असतात.

दरवर्षी आपण एक सूचना ऐकतो. दुपारी १२ ते ४ बाहेर पडू नका. बरोबरच आहे ती. पण पत्र्याच्या घरात राहणाऱ्या पोरानं बाहेर पडायचं नाही म्हणजे नेमकं काय करायचं? दुपारी एक वाजता पत्र्याखाली भाकरी ठेवली तर ती तिथंच कडक व्हावी, अशी गत असते. पोरगं बाहेर पडणारच. पाण्याकडं जाणारच. म्हणून आम्ही गटात ठरवलं की 'जाऊ नको' एवढ्यावर थांबायचं नाही. कुठं जायचं ते सांगायचं, आणि ती जागा आपण तयार करून द्यायची.

पहिलं बोलणं शेततळ्याचं. कारण सगळ्यात मोठी धास्ती तिथंच आहे.

२०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आली आणि आपल्या भागात तळी झाली. त्यानं डाळिंब वाचलं, बागा वाचल्या, ते आम्ही नाकारत नाही. आमच्या गटातल्या तिघींच्या शेतात तळं आहे. पण विहीर आणि शेततळं यांत एक फरक आहे, तो पोरांना कळत नाही आणि पुष्कळ मोठ्यांनाही कळत नाही. विहीर दिसतेच भीतीदायक. शेततळं दिसतं साधं, उतरत्या काठाचं, निळंशार. वाटतं, कडेकडेनं पाय बुडवावेत. पण त्या उतारावर प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला असतो, त्यावर शेवाळ धरतं, आणि पाय ठेवला की माणूस घसरत थेट आत जातो. खोली १० फूट. पोहता येणाराही काठाला आला तरी वर चढू शकत नाही, कारण हाताला धरायला काहीच नसतं. दर उन्हाळ्यात पेपरात बातमी येते, दोन भावंडं गेली, आई वाचवायला गेली तीही गेली. वाचून आपण हळहळतो आणि पान उलटतो.

आता आम्हाला कळलेली गोष्ट सांगतो. आमच्या वस्तीवरची पोरं तळ्याकडं का जातात, ते आम्ही एकदा त्यांनाच विचारलं. रागावून विचारलं नाही, कुरडयांचा चीक वाटीवाटीनं देता देता विचारलं. आम्हाला वाटत होतं, पोहायला जात असतील. पोहायला जाणारी दोन-तीन मोठी पोरंच निघाली. बाकीच्यांनी सांगितलं ते वेगळंच. शेरडं पाण्याला न्यायची असतात म्हणून जातो. करडू कागदावर घसरलं म्हणून त्याला धरायला उतरलो. मोत्या पाण्यात पडला आणि त्याला वर येता येईना, म्हणून काठी घेऊन वाकलो. म्हणजे पोरगं जनावराच्या मागं पाण्यात जातं. शेरडाचं खूर आणि कुत्र्याची नखं त्या कागदावर माणसाच्या पायाइतकीच घसरतात. आणि आपलं करडू डोळ्यांदेखत बुडत असताना दहा वर्षांचं पोरगं काठावर उभं राहून मोठ्यांना हाक मारत बसेल, असं कोणत्या आईला वाटतं?

तेव्हापासून आमचं म्हणणं असं झालं की पोराचं आणि जनावराचं वेगवेगळं बघायचं नाही. उन्ह दोघांना एकच, पाणी एकच, सावली एकच. एकाची सोय केली की दुसऱ्याचीही होते.

पहिली सोय अगदी स्वस्त आहे. जनावराचं पाणी तळ्याच्या बाहेर आणायचं. प्लॅस्टिकचं जुनं पिंप उभं कापून आडवं ठेवलं की दोन कुंड्या होतात. बांधाच्या बाहेर, झाडाखाली त्या ठेवायच्या, सकाळी पाइपानं भरून घ्यायच्या. शेरडांना बाहेर पाणी मिळालं की ती आत जात नाहीत, आणि शेरडं गेली नाहीत की पोरं जात नाहीत. एवढं साधं आहे. मात्र घराजवळ रांगतं मूल असेल तर कुंडीत वीतभरच पाणी ठेवा आणि रिकाम्या वेळी ती पालथी घाला. लहान लेकरू बादलीभर पाण्यातसुद्धा बुडतं.

दुसरी सोय दोराची. नायलॉनचा जाड दोर घ्यायचा, हातभर अंतरावर गाठी मारायच्या, काठावर पक्का खांब रोवून त्याला बांधायचा आणि आत सोडायचा. चारी बाजूंनी एकेक. इथं एक बारीक गोष्ट आहे. पुष्कळ जण तळं भरलेलं असताना दोर बांधतात, तेव्हा तो पाण्याला टेकलेला असतो. मे महिन्यात पाणी खाली जातं आणि दोराचं टोक वरच राहतं. म्हणून दोर तळापर्यंत जाईल एवढा लांब हवा. एका कोपऱ्यात जुने टायर एकाला एक बांधून शिडीसारखे सोडले, तर माणूसही चढतो आणि कुत्रं, शेरडूही पाय रोवून वर येतं. काठावर एक-दोन रिकामे पाच लिटरचे कॅन, बूच घट्ट लावून, दोरीला बांधून ठेवा. तरंगतात. बुडणाऱ्याकडं फेकता येतात.

आणि हे पोरांना पाठ करून घ्या. कुणी पाण्यात पडलं तर आपण उडी मारायची नाही. ओरडायचं, कॅन फेकायचा, दोर फेकायचा, काठी द्यायची, ती झोपून द्यायची, उभं राहून नाही. शेरडू पडलं तरी हेच. आमच्याकडं एका लहानग्यानं विचारलं, मग करडू मेलं तर? त्याला आम्ही सांगितलं, करडू पुन्हा घेता येईल, त्याला गट कर्ज देतो. तू कुठून आणायचा? पोरगं हसलं, पण ऐकलं.

बुडालेल्याला बाहेर काढल्यावर आपल्याकडं पाय धरून उलटं टांगतात, पोट दाबतात, गरागरा फिरवतात. यातलं काही करू नका, त्यात मोलाचा वेळ जातो. श्वास बंद असेल तर लगेच तोंडानं श्वास द्यायचा आणि छातीच्या मधोमध दाबायचं, आणि तेव्हाच दुसऱ्या कुणीतरी १०८ ला फोन करायचा. हे ऐकून येत नाही, हातानं करून शिकावं लागतं. आम्ही उपकेंद्रातल्या नर्सताईंना बैठकीला बोलावलं आणि उशी पुढ्यात घेऊन सगळ्या जणी शिकलो. तुमच्या गटानं या महिन्यात दुसरं काही केलं नाही तरी चालेल, पण एवढं शिकून घ्या.

कुंपणाचं मात्र सोपं गेलं नाही. आमच्या शिवारातल्या एका तळ्याच्या मालकाकडं आम्ही पाच जणी गेलो. ते म्हणाले, पोरं सांभाळायचं काम तुमचं, तळं माझं. डाळिंबाचा दर पडलाय, तारेला पैसा कुठून आणू? वाद घालून काही होणार नव्हतं, आणि त्यांचं पैशाचं म्हणणं खोटंही नव्हतं. त्यांच्या घरची आमच्या गटात आहे. तिनं पुढच्या मंगळवारी गटातून अंतर्गत कर्ज घेतलं, जाळीपुरतं, आणि हप्ता स्वतःच्या शेरडाच्या पैशातून फेडला. उरलेल्या बाजूला बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं. आता त्या तळ्याला कुलूप लागलेलं फाटक आहे. शिवारात अजून दोन तळी उघडी आहेत. एकाचा मालक पुण्याला असतो, फोन उचलत नाही. तिथं आम्ही दोर आणि टायर सोडून आलोय, त्यांना न विचारता. काय म्हणायचं ते म्हणू देत.

आता सावलीकडं येऊ.

वस्तीवर एक मोठा लिंब आहे, त्याला पार आहे, आणि त्याला लागून शाळेचा व्हरांडा. शाळा व्यवस्थापन समितीला अर्ज दिला, गुरुजींनी व्हरांड्याची आणि संडासाची किल्ली दिली. दुपारी १२ ते ४ वस्तीवरची तेवीस पोरं तिथं असतात. रोज दोघींची पाळी. गटात बारा जणी, म्हणजे एकीची पाळी सहाव्या दिवशी येते. घराघरातून आठवड्याला १० रुपये काढतो, त्यात गूळ, लिंबं आणि माठाचं पाणी होतं. जेवण ज्यानं त्यानं आणायचं. शेरडंही तिथंच, लिंबाच्या दुसऱ्या अंगाला बांधतो. सुरुवातीला दोघी-तिघींनी नाकं मुरडली, लेंड्या कोण काढणार म्हणून. पोरं काढतात. लेंडीखत गटाच्या परसबागेला जातं. आता कुणी विचारत नाही.

तिथं काय करतात? शिबिरासारखं वेळापत्रक आम्ही ठेवलेलं नाही. चिंचोके फोडून चल्लस खेळतात, सागरगोटे खेळतात, भांडतात, रुसतात, झोपतात. मोठ्या पोरी लहानांच्या वेण्या घालतात. मोबाइल नाही, एवढी एकच अट आहे, आणि ती पाळीवरच्या बायांनाही आहे, जी पाळणं आम्हालाच जड जातं. दुपारचा एक तास वाचनाचा. व्यंकटेश माडगूळकर आपल्या शेजारच्या आटपाडी तालुक्यातले, माडगूळचे. त्यांची 'बनगरवाडी' १९५५ सालची. धनगरांची वाडी, मेंढरं, दुष्काळ आणि एक तरणा मास्तर. नववीतली एक पोरगी रोज थोडं थोडं मोठ्यानं वाचते. पोरांना ते गोष्टीचं पुस्तक वाटतच नाही, आपल्याच वाडीचं वाटतं. एका आजीबाईंनी तर ऐकता ऐकता मध्येच हटकलं की अगं, मेंढरू असं वागत नाही, आणि मग पाऊण तास मेंढरांवरच बोलत राहिल्या. त्या दिवशी वाचन झालं नाही. झालं ते जास्त चांगलं झालं.

दुसरा उद्योग वहीचा. प्रत्येक पोरानं घरच्या जनावरांची वही करायची. नाव, रंग, वय, कधी व्याली, दूध किती, लस कधी टोचली. गाईच्या कानात पिवळा बिल्ला असतो, त्यावर १२ आकडी नंबर असतो, तो बघून उतरवायचा. गाय कान हलवते, पोरगं आकडे चुकतं, पुन्हा मोजतं. गणिताचा तास गोठ्यातच होतो. या वहीचं काम शेवटी सांगतो.

सकाळचा वेळ वेगळा. ६ ते १० शेरडांमागं जायचं, तेव्हाच खेळायचं, तेव्हाच निंबोळ्या वेचायच्या. मे-जूनमध्ये लिंबाखाली पिकल्या निंबोळ्यांचा सडा पडतो. पोरं वेचतात, गर धुऊन सावलीत वाळवतात, गट त्या किलोवर विकत घेतो आणि पुढं फवारणीच्या अर्काला वापरतो. ५ किलो निंबोळीची पूड १०० लिटर पाण्याला लागते. पोरांचे पैसे बालबचतीच्या डब्यात. मागच्या सुट्टीत एकानं त्यातून चप्पल घेतली, एकीनं कोंबडीचं पिल्लू.

चपलेवरून आठवलं. उन्हात पाय भाजतात की नाही हे बघायची एक सोपी रीत आहे. रस्त्यावर किंवा अंगणातल्या फरशीवर हाताची पालथी बाजू टेकवायची आणि मनात सातपर्यंत मोजायचं. हात ठेववला नाही, तर तिथं अनवाणी पोरानं चालायचं नाही आणि कुत्र्यालाही न्यायचं नाही. त्याच्या पंजाची कातडीही भाजते, ते बोलत नाही एवढंच.

उन्ह लागल्याची खूण पोराची आणि जनावराची साधारण सारखीच असते. पोरगं लाल होतं, अंग तापतं, उलटी होते, बडबडतं, नाहीतर एकदम गप्प पडतं. कुत्रं धापा टाकतं, दाट लाळ गाळतं, झोकांड्या खातं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, जीभ बाहेर काढून धापा टाकणं हाच त्याचा घाम. कोंबडीला तर घामच नाही, ती चोच उघडी ठेवून, पंख पसरून उभी राहते. म्हशीचं कातडं काळं आणि तिला घाम कमी, म्हणून गाईच्या आधी म्हशीला उन्ह बाधतं. उपायही सारखाच. सावलीत घ्या, अंगावर साधं पाणी घाला, ओल्या कापडानं पुसत राहा, वारा घाला. शुद्धीवर असेल तर घोट घोट पाणी. शुद्ध नसेल तर तोंडात एक थेंबही ओतायचा नाही, माणसाच्याही नाही आणि जनावराच्याही नाही. ते फुप्फुसात जातं. माणसासाठी १०८. जनावरासाठी १९६२, हा पशुसंवर्धनाचा टोल फ्री नंबर आहे, दाराच्या आतल्या बाजूला खडूनं लिहून ठेवा.

पोरांना जुलाब-उलटी झाली तर घरचं पाणी असं करायचं. १ लिटर उकळून गार केलेलं पाणी, ६ सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. अंदाजानं करू नका, मीठ जास्त झालं तर बाळाला अपाय होतो. आशाताईंकडं पुडी मिळत असेल तर तीच बरी. आणि सहा महिन्यांच्या आतल्या तान्ह्याला उन्हाळा कितीही असो, वरचं पाणी नाही. अंगावरचंच दूध, पण जास्त वेळा. त्यासाठी आईनं पाणी प्यायला हवं. सासूबाईंनो, हे तुमच्यासाठी सांगतोय. सुनेच्या हाताशी तांब्या भरून ठेवा.

कांद्याचं पण बोलू. पोरगं उन्हात निघालं की आपण खिशात कांदा देतो. असू दे, त्यानं नुकसान काही नाही, पण कांदा टोपीचं काम करत नाही आणि पाण्याचंही करत नाही. कुत्र्याला मात्र कांदा-लसूण खायला घालू नका, त्याच्या रक्तावर परिणाम होतो. लग्नाच्या पंगतीतलं उरलेलं कांदाघातलं कालवण आपण सरळ त्याच्या पुढं ओततो. आंब्याची कोयही टाकू नका, ती आतड्यात अडकते. भाकरी आणि ताक, एवढ्यावर आपला मोत्या खूश असतो.

पाण्याचा हिशोब. दुभत्या संकरित गाईला या दिवसांत ८० ते १०० लिटर पाणी लागतं, शेळीला ५ ते ७ लिटर. दोन वेळा पाजून हे भागत नाही, तीन-चार वेळा दाखवायला हवं. ज्यांच्याकडं टँकरचं पाणी येतं त्या म्हणतील, बोलायला काय जातं! खरं आहे. २०१९ च्या दुष्काळात आमच्यातल्या काही जणी जनावरं घेऊन चारा छावणीत राहिल्या होत्या, पोरं पण तिथंच. तेव्हा कळलं की पाणी कमी असेल तर वेळ सांभाळावी. जनावर दुपारभर सावलीत असेल तर त्याची तहान कमी होते. गोठ्याच्या पत्र्याला वरून चुना मारा. पत्र्यावर पाचट टाकून वर जुनं जाळं बांधलं तरी फरक पडतो, पण चूल किंवा विजेची तार जवळ असेल तर पाचट टाकू नका. कोंबड्यांच्या खुराड्याला ओलं गोणपाट लावा.

आता कुत्रं चावण्याचं. सुट्टीत पोरं गल्लीतली पिल्लं उचलून आणतात. आणू दे, दूध घालू दे. पण खाणाऱ्या, झोपलेल्या आणि पिल्लांपाशी बसलेल्या कुत्रीला हात लावायचा नाही, हे तीनदा सांगा. चावलं, किंवा पिल्लाचा नुसता दात लागून ओरखडा आला, तरी ते लपवायचं नाही. पोरं मार पडेल म्हणून लपवतात. म्हणून आधीच सांगून ठेवा की मारणार नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवायची. घड्याळ लावून, कारण १५ मिनिटं फार लांब वाटतात. हळद, चुना, तिखट काही भरायचं नाही. त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जायचं आणि सांगतील तेवढी सगळी इंजेक्शनं घ्यायची. बरं वाटलं म्हणून शेवटचं सोडायचं नाही. रेबीज एकदा उठला की डॉक्टरांच्याही हातात फारसं काही राहत नाही. घरच्या कुत्र्याला तीन महिन्यांचं झालं की लस, आणि पुढं दरवर्षी.

गोचिडाचं औषध थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत ठेवू नका. याला स्पष्टीकरण नको.

रात्री अंगणात झोपतो आपण. जमिनीवर झोपवू नका पोरांना. मण्यार रात्रीच फिरतो, झोपेत चावतो आणि कित्येकदा दुखतसुद्धा नाही. बाज घ्या, मच्छरदाणी गादीखाली खोचा. विंचू चावला, त्यातही लाल, आणि पोरगं घामानं भिजलं, ओकायला लागलं, तर उतारा करत बसू नका. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातल्या खेड्यांत वर्षानुवर्षं काम करून लाल विंचवाच्या विषावर प्राझोसिन हे औषध लागू पडतं हे दाखवून दिलं. आधी पोरं जायची, आता वेळेवर दवाखाना गाठला तर वाचतात. वेळेवर, एवढीच अट.

भीतीचं पुष्कळ झालं. फिरायचंही सांगतो. पोरांना दरवेळी महाबळेश्वर दाखवायलाच हवं असं नाही, आणि तिथल्या गर्दीत लहान पोरं घेऊन हाल होतात, हे आमचं मत. आपल्या औंधला बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभं केलेलं श्री भवानी संग्रहालय आहे. राजा रविवर्म्याची चित्रं आहेत, आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं आई आणि मुलाचं शिल्प आहे. सकाळच्या एसटीनं जायचं, यमाईचं दर्शन घ्यायचं, दुपार संग्रहालयात काढायची आणि उन्हं उतरल्यावर परतायचं. त्या शिल्पापुढं आमच्यातली एक बराच वेळ उभी होती. म्हणाली, हिला नाक-डोळे धड नाहीत, पण पोरगं कसं धरलंय बघ.

महिमानगड छोटा आहे, दहिवडीच्या वाटेवरच. पहाटे चढून ऊन तापायच्या आत खाली या. कुत्रं बरोबर असेल तर त्याच्यासाठी वेगळी पाण्याची बाटली घ्या. शिखर शिंगणापूरला गेलात तर मालोजीराजांनी बांधलेलं तळं पोरांना काठावरूनच दाखवा आणि सांगा की यात्रेकरूंचे हाल बघून ते बांधलं. चैत्रात खरसुंडीच्या यात्रेत खिलार जनावरं येतात. पोरांना ती बघायला न्याच. पण चैत्रातलंच ऊन, म्हणून बाजार सकाळी बघायचा, आणि बैलाच्या मागून जायचं नाही. एक सांगायचं राहिलं. कुठंही गाडी करून गेलात तर बंद गाडीत पोराला किंवा कुत्र्याला पाच मिनिटंही ठेवू नका. दारात उभ्या असलेल्या गाडीलाही कुलूप लावून ठेवा, पोरं लपंडावात आत शिरतात आणि दार उघडता येत नाही.

आता त्या वहीचं काम. पावसाळ्याच्या आधी गाई-म्हशींना घटसर्प आणि फऱ्याची लस द्यायची असते, शेळ्या-मेंढ्यांना आंत्रविषाराची. पाऊस पडल्यावर धावाधाव करून उपयोग नाही, लस अंगी लागायला दिवस जातात. मेच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही सगळ्या वह्या गोळा करतो, किती गाई, किती शेरडं ते मांडतो आणि तो कागद पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन देतो. आकडा तयार असला की डॉक्टर तारीख देतात आणि लिंबाखालीच येतात. त्या दिवशी प्रत्येक पोरगं आपापलं जनावर धरून रांगेत उभं असतं, वही काखेत. गेल्या वर्षी एकशे सत्तेचाळीस जनावरं एका सकाळीत झाली. यंदाची तारीख अजून ठरायची आहे. शेजारच्या दोन वस्त्यांनीही आपली जनावरं आणायची म्हटलंय, त्यांनी आकडा पुढच्या मंगळवारच्या आत आमच्याकडं पाठवावा, आणि करडं धरायला मोठी माणसं बरोबर आणावीत.